कशावरून?

*अमेरिकेतल्या नातीची इंग्रजीची परीक्षा जवळ आली आणि बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली आजी पुन्हा विद्यार्थिनी झाली. त्या अभ्यासात तिला सापडलेली ही गोष्ट, इंग्रजी येणाऱ्या आणि न येणाऱ्याही सगळ्या आयांसाठी.*

लेकीकडे न्यू जर्सीला जाऊन मला तीन महिने झाले होते. एप्रिल उजाडला तरी बाहेर थंडी होती. लेक आणि जावई सकाळीच कामाला जात, नात शाळेत. दुपारी ती घरी येईपर्यंत मी, टीव्ही आणि फ्रीजमधल्या भाज्या, एवढीच सोबत. त्यामुळे तिची वाट बघणं हेच माझं मुख्य काम झालं होतं.

नात सोळा वर्षांची, अकरावीत. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र अडखळत आणि अर्धं इंग्रजी घालून. एक दिवस मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. तिने लॅपटॉप आणून माझ्यासमोर ओट्यावरच ठेवला.

"आजी, तू इंग्लिश टीचर होतीस ना? मग मला हेल्प कर. मे महिन्यात माझी एपी आहे."

बघते तर काय, स्क्रीनवर गांधीजी! २०१९ सालच्या परीक्षेतला जुना प्रश्न होता तो. दांडीयात्रेच्या आधी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना जे पत्र लिहिलं, त्याचा शेवटचा भाग.

मला तर भरतंच आलं. मी वेंगुर्ल्याची. आमच्या शेजारच्या शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला होता. ते ऐकतच आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. कांदा बाजूला ठेवून मी सुरूच केलं. पत्र २ मार्च १९३० चं. १२ मार्चला साबरमतीहून यात्रा निघाली. सोबत ७८ सत्याग्रही. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं...

नातीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, हे प्रश्नात वर दिलेलंच आहे. ते नाही विचारलंय. वाचणाऱ्याला आपलं म्हणणं पटावं म्हणून गांधीजींनी ह्या लेटरमध्ये काय काय केलंय, ते लिहायचंय."

मी गप्प झाले. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हा प्रश्न मी एकाही वर्गाला विचारला नव्हता.

ही परीक्षा आहे तरी काय?

तिकडे शाळेच्या शेवटच्या वर्षांत हुशार मुलांना काही विषय कॉलेजच्या पातळीवर शिकता येतात. त्याला ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणतात, थोडक्यात एपी. कॉलेज बोर्ड नावाची संस्था गेली जवळजवळ सत्तर वर्षं ह्या परीक्षा घेते. परीक्षा दरवर्षी मे महिन्यात. एका विषयाची फी १०० डॉलरच्या आसपास. गुण १ ते ५. चांगले गुण मिळाले तर बरीच कॉलेजं तो विषय झाला असं धरतात आणि तेवढी फी वाचते. तिकडचं कॉलेज किती महाग असतं हे ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. म्हणून आईवडीलही मागे लागलेले असतात. आपल्याकडे बारावी आणि सीईटीचं असतं ना, तसंच टेन्शन. फक्त तिथे ते मे महिन्यात एकापाठोपाठ एक येतं.

इंग्रजीच्या एपी दोन. एक साहित्याची, दुसरी भाषा आणि लेखनाची. नातीची दुसरी होती. ही एपीतली सगळ्यात जास्त मुलं देतात अशी परीक्षा. पेपर सव्वातीन तासांचा. पहिल्या तासात ४५ प्रश्न, पर्याय निवडायचे. उरलेल्या सव्वादोन तासांत तीन निबंध. २०२५ च्या मे महिन्यापासून हे सगळं संगणकावर. हाताने लिहायची भानगडच नाही.

आता तुम्ही म्हणाल, तीन निबंध म्हणजे 'माझा आवडता सण', 'पावसाळ्यातला एक दिवस' आणि 'मी पंतप्रधान झाले तर'. मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही.

पहिल्या निबंधात एका विषयावरचे सहा छोटे उतारे देतात, त्यात एखादं चित्र आणि आकडेवारीही असते. ते वाचून मुलांनी स्वतःचं मत ठरवायचं आणि त्यातल्या निदान तिघांचा आधार घेऊन ते मांडायचं. दुसऱ्यात एखादं भाषण किंवा पत्र देतात. ते कसं लिहिलंय आणि तसंच का लिहिलंय, ते उलगडून दाखवायचं. आमच्या ओट्यावरचं गांधीजींचं पत्र ह्यातलंच. तिसऱ्यात एक विचार देतात. तो पटतो का, किती पटतो, का पटतो, ते लिहायचं. एकेका निबंधाला साधारण चाळीस मिनिटं.

पाठ करून जाण्यासारखं ह्यात काहीच नाही. हे कळलं तेव्हा खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. माझी सगळी शिकवण्याची शिदोरी पाठांतराचीच होती.

तिथेही 'अलंकार ओळखा'

नातीने आदल्या आठवड्यात ह्याच पत्रावर निबंध लिहून बाईंना दाखवला होता. तो मी वाचला. इंग्रजी इतकं सफाईदार, की मीच मनात म्हटलं, हिला मी काय डोंबल शिकवणार! निबंधात होतं की गांधीजींनी पुनरुक्ती वापरली आहे, विरोध वापरला आहे, शब्दयोजना प्रभावी आहे. प्रत्येक ठिकाणी पत्रातलं वाक्य दिलेलं. सगळं बरोबर. पण बाईंनी समासात तीन ठिकाणी एकच शेरा मारला होता. त्याचा मराठीत अर्थ, "मग पुढे काय?"

नात रडकुंडीला आली होती. "आजी, मी सगळं फाइंड केलंय. अजून काय हवंय?"

आणि मला एकदम ओळखीचं काहीतरी दिसलं. अगं, हे तर आपलं 'अलंकार ओळखा'! ओळीत उपमा आहे म्हणून लिहिलं, एक मार्क घेतला, पुढच्या प्रश्नाकडे गेलो. ती उपमा तिथे का आली, नसती तर काय बिघडलं असतं, हे कोणी विचारायचं नाही. मला वाटलं होतं हा रोग आपल्याकडचाच. तिकडच्या मुलांनाही तो आहे. तिकडेही जाडजूड गाईडं विकत मिळतात, महागड्या शिकवण्या आहेत आणि पाच परिच्छेदांचा ठरलेला साचा आहे. फक्त परीक्षा तपासणारा त्या साच्याला फारसा भुलत नाही.

तिने मला गुणांचा तक्ता दाखवला. एका निबंधाला सहा गुण. त्यातला एक, तुमचं म्हणणं नेमकं मांडल्याबद्दल. चार गुण आधार देण्याचे आणि तो आधार आपल्या म्हणण्याला कसा लागू होतो हे समजावण्याचे. शेवटचा एक गुण विचाराच्या खोलीचा, म्हणजे दुसरी बाजूही लक्षात घेतली आहे का, प्रश्नातला गुंता दिसला आहे का, ह्याचा.

"आणि स्पेलिंगचे किती?" मी विचारलं.

"स्पेलिंगचे वेगळे काही नाहीत, आजी. फक्त इतक्या मिस्टेक्स नकोत, की मीनिंगच कळणार नाही. तसं झालं तर मग पूर्ण चार नाही मिळत."

मी तो तक्ता दोनदा वाचला. माझ्या आयुष्यात मी जितकी लाल शाई वापरली, त्यातली बहुतेक स्पेलिंगवर गेली होती.

मायना

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा बसलो. परीक्षेत पत्राचा शेवटचाच भाग होता. मी म्हटलं, आपण आधी पूर्ण पत्र वाचू. शोधलं तर लगेच मिळालं. सुरुवातीलाच माझी नजर थांबली. देशाच्या सर्वांत मोठ्या साहेबाला पत्र, आणि वर मायना काय, तर 'प्रिय मित्र'.

"मायना म्हणजे?" नातीने विचारलं.

मग मी तिला आपल्या पत्रांबद्दल सांगितलं. आईवडिलांना 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चिरंजीव'. वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार, लहानांना अनेक आशीर्वाद, बरोबरीच्यांना नुसता नमस्कार. पत्र उघडल्यावर पहिल्याच ओळीत कळतं की लिहिणारा स्वतःला कुठे उभा करतोय आणि वाचणाऱ्याला कुठे. लग्न झाल्यावर सासूबाईंना पहिलं पत्र लिहिताना मी मायन्यावरच अर्धा तास घालवला होता, तेही सांगितलं. ती खूप हसली.

हसता हसता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे गांधीजी नोकर नाहीयेत. आणि एनिमीपण नाहीयेत."

"कशावरून?"

"फ्रेंड म्हणालेत. फ्रेंड इक्वल असतो."

"बरं. पण परीक्षेत तुला मायना दिलेलाच नाही. दिलेल्या तुकड्यात हे कुठे दिसतं?"

ती वाचायला लागली. दिसत गेलं. गांधीजी सांगतात, तुमच्या लोकांचं मला वाईट करायचं नाही, जशी माझ्या लोकांची सेवा करायची आहे तशी त्यांचीही. कायदा मोडणार, तो दिवसही सांगून टाकतात. वर म्हणतात, ही धमकी समजू नका, हे माझं कर्तव्य आहे. बोलणी करायची असतील तर तार करा, पत्र छापायचं थांबवतो. आणि पत्र पाठवतात कोणाच्या हाती? एका तरुण इंग्रज मित्राच्या.

"मग पुढे काय?" मी तिच्या बाईंचाच प्रश्न विचारला.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मी भाताला पाणी ठेवलं. मग म्हणाली, "आजी, ते असं करतात की व्हाइसरॉयला चिडायला जागाच राहत नाही. चिडला तर तोच वाईट दिसेल. पण 'नाही' म्हणाला तर कायदा तर मोडणारच."

झालं! हेच तर म्हणणं. हेच लिही, म्हटलं. पुनरुक्ती आणि विरोध हे शब्द नाही आले तरी चालतील.

पूर्ण पत्रातली आणखी एक गोष्ट मी तिला दाखवली, कारण आधार कसा द्यायचा ह्याचा तो वस्तुपाठच आहे. राज्य किती महाग आहे हे सांगायला गांधीजी नुसतं 'भारतातली जनता गरीब आहे' असं म्हणून थांबत नाहीत. ते व्हाइसरॉयचाच पगार काढतात. महिन्याला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांवर. आणि इथल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. पाच हजार पटींपेक्षा जास्त फरक. लगेच पुढे हेही म्हणतात की माणूस म्हणून तुमचा मला आदर आहे, तुम्हाला दुखवायचं नाही. आधार, त्याचा अर्थ आणि समोरच्याचा मान, तिन्ही एका जागी.

हे पत्र मला माहीत होतं असं मी समजत होते. त्याची तारीख मला माहीत होती, एवढंच.

स्थळाची चौकशी

सहा उताऱ्यांच्या निबंधाला नात जास्त घाबरायची. तिच्या पहिल्या प्रयत्नात तिने एकामागून एक सांगितलं होतं, पहिला असं म्हणतो, दुसरा असं म्हणतो, तिसरा असं म्हणतो. स्वतःचं मत शेवटच्या दोन ओळींत, तेही घाईत.

मी म्हटलं, "तुझ्या आईचं लग्न ठरवताना आम्ही काय केलं सांगू? स्थळाची चौकशी केली. मुलाच्या शेजाऱ्यांना विचारलं, ऑफिसातल्या माणसाला विचारलं, त्यांच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, लांबच्या आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, फार चांगले. पण आत्या त्यांच्याच घरातली, ती चांगलंच म्हणणार. ऑफिसातला म्हणाला, अबोल आहे. ते खरं वाटलं, कारण त्याला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. वाणी म्हणाला, उधारी ठेवत नाहीत. ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मग घरी बसून आम्ही ठरवलं, होकार द्यायचा. कोण काय म्हणालं त्याची यादी वाचून दाखवली नाही. आपलं मत ठरवलं, आणि कोणी विचारलं तर कारण सांगता येईल एवढं हाताशी ठेवलं."

संध्याकाळी जावई घरी आल्यावर नात त्यांना म्हणाली, "बाबा, ग्रोसरीवाल्यामुळे तुमचं लग्न झालं." आता मला घरातून बाहेर काढतात की काय असं वाटलं. पण ते हसले.

गंमत सोडली तर तिला नेमकं समजलं. कोण बोलतंय, त्याला काय हवंय, त्याच्या बोलण्याला किती वजन द्यायचं, हे बघायला ती शिकली. दोन उतारे एकमेकांशी बोलले तर काय म्हणतील, असं लिहायला लागली. ज्याचं आपल्याला पटत नाही, त्याचंही म्हणणं आधी नीट मांडायचं आणि मग आपलं, हेही जमायला लागलं. त्यातच तो शेवटचा, खोलीचा गुण असतो.

बाकी मेहनत तिची तिनेच केली. रोज वर्तमानपत्रातला एक लेख वाचायचा. आठवड्याला दोन निबंध, घड्याळ लावून, चाळीस मिनिटं. पहिली पाच-सात मिनिटं काहीही लिहायचं नाही, फक्त ठरवायचं. ह्याला दुसरा रस्ता नाही. मी स्वयंपाकघरातून तीनच प्रश्न विचारायची. तुझं म्हणणं काय? कशावरून? मग पुढे काय?

माझं लाल पेन

पण ही गोष्ट मी नातीच्या कौतुकासाठी लिहायला घेतलेली नाही.

तो गुणांचा तक्ता वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. वीसेक वर्षांपूर्वीची नववीतली एक मुलगी आठवली. वडील मासेमारी करायचे. परीक्षेला निबंध होता, 'अ रेनी डे'. मी वर्गात लिहून दिलेला निबंध सगळ्यांनी पाठ केला होता. पाऊस येतो, मुलं कागदाच्या होड्या सोडतात, आई गरम भजी करते, इंद्रधनुष्य दिसतं, पाऊस आपला मित्र आहे.

ह्या मुलीने तो लिहिला नाही. तिने लिहिलं होतं की पावसात मासेमारी बंद असते, बाबा घरीच असतात, कौलांतून पाणी गळतं, आई भांडी मांडून ठेवते. आमच्या घरी भजी करत नाहीत, कारण तेल पुरवून वापरायचं असतं. मला पाऊस आवडतो, पण आईला आवडत नाही.

इंग्रजी मोडकं होतं. अकरा स्पेलिंगं चुकली होती. मी ती अकराही गोल केली, दहापैकी तीन गुण दिले आणि खाली लिहिलं, 'सांगितल्याप्रमाणे लिही'.

आज त्या तक्त्याने तपासला तर? म्हणणं आहे. आधार आहे, तोही स्वतःच्या घरातला. आणि शेवटचं ते वाक्य, मला आवडतो पण आईला आवडत नाही, तिथे तर दुसरी बाजूसुद्धा आहे. वर्गातल्या पन्नास जणांत त्या दिवशी खरा निबंध एकीनेच लिहिला होता. तिलाच मी सगळ्यात कमी गुण दिले.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही तरी काय करणार होता? पोर्शन संपवायचा, निकाल लावायचा, पन्नास वह्या तपासायच्या. खरंच आहे ते. मुलं पास व्हावीत म्हणूनच मी लिहून द्यायची, आणि त्यातली कितीतरी त्यामुळे पास झालीही. पण 'पास हो' आणि 'गप्प बस' ह्यांतला फरक मला तेव्हा दिसायला हवा होता.

ओटीवरचा रविवार

मेअखेर मी परत आले. जुलैत नातीचा निकाल लागला, पाचपैकी चार. तिला पाच हवे होते, ती जरा हिरमुसली. मला विचाराल तर चार पुष्कळ झाले.

ती मुलगी आता वेंगुर्ल्याच्या बाजारात शिवणकामाचं दुकान चालवते. ब्लाउज शिवायला टाकायचं निमित्त करून मी गेले. निबंधाचा विषय काढला, चुकले म्हटलं. तिने मापाची टेप गळ्यात अडकवली आणि थोडी ओशाळून म्हणाली, "बाई, तो निबंध नाय हो आठवत मला. पण त्याच्यानंतर मी सगळे निबंध पाठच केले, ते आठवतं. दहावीला इंग्रजीत पास झाले की मी." मग मशीनवर बसत म्हणाली, "माझी लेक नववीत आहे. तिला पाठवू तुमच्याकडे?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमच्या ओटीवर सहा-सात मुली जमतात. एपी-बिपी नाही. त्यांना आपली बोर्डाची परीक्षा द्यायची आहे. पण आता आपल्याकडेही कृतिपत्रिका आली आहे आणि इंग्रजीच्या उताऱ्याखाली 'तुमचं मत लिहा' असा प्रश्न असतो. दोनच गुणांचा. मुलींनी मला गाईड दाखवलं. त्यात त्या प्रश्नाचंसुद्धा तयार उत्तर छापलेलं! तुमचं मत, आणि ते दुसऱ्याने लिहून दिलेलं. मी हसले, पण हसू फार वेळ टिकलं नाही. मीच तर ते बत्तीस वर्षं लिहून देत होते.

आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे कोणाला आपल्या घरी करावंसं वाटलं तर करता येईल. फार काही लागत नाही.

आधी मराठीत बोलतो. वर्तमानपत्रातला एक लेख किंवा वाचकांचं पत्र मोठ्याने वाचतो. लिहिणाऱ्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं. ते कशावरून, ते दाखवायचं. मग पटलं की नाही, ते सांगायचं. कधी टीव्हीवरची जाहिरात घेतो. ही जाहिरात कोणाशी बोलतेय? त्यात आईच का दाखवली, बाबा का नाही? मुलींची तोंडं अशी सुटतात की आवरावं लागतं. त्यानंतर तेच म्हणणं इंग्रजीत लिहायचं, पाच-सहा ओळी. अडेल तिथे मराठी शब्द घालून पुढे जायचं, शब्द नंतर शोधायचा. स्पेलिंग मी तपासते, पण सगळ्यात शेवटी, आणि पेन्सिलीने.

इंग्रजी येण्यासाठी इंग्रजी वाचावंच लागतं, शब्द गोळा करावेच लागतात, ह्यात मी कोणाला फसवणार नाही. रविवारचा एक तास त्याला पुरत नाही. पण सांगण्यासारखं काही असलं की मूल शब्द शोधतं. सांगायचंच काही नसेल तर शब्दांचं ओझंच होतं.

माझी आई शाळेत गेलेली नव्हती. मी काही ठासून बोलले की ती चुलीपुढून विचारायची, "कित्याक?" म्हणजे का. मी वैतागायची. कारण सांगता आलं नाही की ती पुढे काही बोलायची नाही, फुंकणीने विस्तव फुंकायची. आज वाटतं, निबंधाचे ते चार गुण ती मला रोज शिकवत होती. मीच शाळेत जाऊन विसरले.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी म्हणतात, "मला इंग्रजी येत नाही, मी मुलाचा अभ्यास काय घेणार?" त्या भीतीने आपण महिन्याला पैसे मोजून शिकवणी लावतो आणि त्याच्या पुस्तकापासून दूर होतो. शिकवणी जरूर लावा. पण संध्याकाळी भाजी निवडताना त्याला विचारा, आज काय वाचलंस? लिहिणाऱ्याचं म्हणणं काय? कशावरून? तुला पटलं का? ह्याला इंग्रजी लागत नाही. आणि त्याने उलट आपल्यालाच विचारलं, "आई, तू म्हणतेस ते कशावरून?" तर उद्धट म्हणून गप्प करू नका. उत्तर द्या. नसेल तर नाही म्हणा.

त्या शिवणकामवालीची लेक मागच्या रविवारी तक्रार घेऊन आली होती. "बाई, तुम्ही आईला काय सांगितलंत? आता मी मैत्रिणीकडे जाते म्हटलं तरी मशीनवरून विचारते, कशावरून जायला हवं? डोकं खाते नुसती!"

मी म्हटलं, "मग तू काय सांगितलंस?"

"तीन कारणं दिली," ती म्हणाली. "दोन तिला पटली."